सर्जनशील शिक्षक हवा, तर त्याला सवड द्या

शिक्षकांच्या राहणीमानाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. पहिले, "साने गुरुजींना कुठे वेतन आयोग होता?" दुसरे, "पगार वाढले, शिकवणे मात्र होते तिथेच आहे." पहिले व्यासपीठावरून येते, दुसरे चहा पिता पिता. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच. शिक्षक कसा जगतो आणि वर्गात काय नवे घडवतो, यांचा एकमेकांशी संबंध नाही. हाडाचा शिक्षक कुठल्याही परिस्थितीत नवे काही करतोच, आणि ज्याच्यात ते नाही त्याला कितीही दिले तरी तो खडू-फळ्यापुढे सरकत नाही. ही समजूत चुकीची आहे, आणि तिने नुकसानही फार केले आहे. शिक्षकांची भरती, मानधन, बदल्या, कामाचे तास यांविषयीचे कितीतरी निर्णय महाराष्ट्रात गेली पंचवीस वर्षे याच समजुतीवर रेटले गेले. म्हणून तिचा प्रतिवाद नीट, सविस्तर व्हायला हवा.

आधी खरे आहे ते मान्य करतो. जिल्हा परिषदेच्या किंवा पूर्ण अनुदानित शाळेतल्या कायम शिक्षकाला आज हलाखीत दिवस काढावे लागत नाहीत. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते, वर महागाई भत्ता आणि घरभाडे. त्याने घर बांधले, मुलांना चांगले शिकवले, यात कुणाच्या पोटात दुखण्यासारखे काही नाही. आधीच्या पिढ्यांच्या संघटनांनी झगडून मिळवलेले ते आहे. आणि असा पगार घेऊनही वर्षानुवर्षे तेच ते शिकवणारे शिक्षक आहेत, हेही खरे. पण या एका चित्रावरून सगळ्यांचा निकाल लावणारे दोन गोष्टी विसरतात. कायम वेतनश्रेणीबाहेर शिकवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आणि राहणीमान म्हणजे फक्त पगार नव्हे.

कायम होण्याआधीची तीन वर्षे पाहा. २००० साली राज्याने शिक्षणसेवक योजना आणली. शिक्षणशास्त्राची पदविका-पदवी घेतलेल्या, निवड होऊन आलेल्या उमेदवाराने तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करायचे, मग त्याला वेतनश्रेणी. वर्ग पूर्ण, जबाबदारी पूर्ण, कामाचे तास पूर्ण; मोबदला मात्र अपुरा. २०२३ मध्ये वाढ होईपर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना ६,००० रुपये मिळत, माध्यमिकला ८,०००, उच्च माध्यमिकला ९,०००. वाढीनंतर ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. सहा हजारांत बीडचा मुलगा पालघरच्या पाड्यावर नोकरीला लागला म्हणजे काय होत असेल, याचा हिशेब कुणीही करावा. खोलीचे भाडे, खाणावळ, शाळेपर्यंत एसटी जात नाही म्हणून दुचाकीचे पेट्रोल, आणि 'मुलगा नोकरीला लागला' या आशेवर असलेले गावाकडचे घर. संध्याकाळी तो शिकवण्या घेईल, सुट्टीत कुणाच्या दुकानात बसेल, नाहीतर उधारी करील. उद्याच्या वर्गात बेरजेसाठी चिंचोके वापरावेत की मुलांकडून बाजार भरवून घ्यावा, हा विचार करायला त्याच्याकडे डोके मोकळे कुठून राहणार?

शिवाय शिक्षकाचा हात बसतो तो याच वर्षांत. नव्या शिक्षकाकडे कल्पना सर्वांत जास्त असतात. फसले तर पुन्हा करून पाहण्याची हिंमतही असते. ही तीन वर्षे चणचणीत आणि 'कायम करतील ना' या धास्तीत गेली, तर चौथ्या वर्षी वेतनश्रेणी मिळते, पण तोवर काटकसरीने शिकवण्याची सवय लागून गेलेली असते. वरिष्ठांना खटकणार नाही तेवढेच करायचे, हे तो शिकलेला असतो. पुढे पगार वाढूनही शिकवणे बदलले नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी ती सवय कुणी लावली, हेही विचारावे.

चणचण डोके अडवून ठेवते, हे मी केवळ सहानुभूतीने म्हणत नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. तोडणीआधी हात तंग असताना आणि तोडणीनंतर पैसे हातात आल्यावर, त्याच शेतकऱ्यांच्या विचारशक्तीच्या चाचण्या घेतल्या. माणूस तोच, अक्कल तीच. पण तंगीच्या काळात त्याची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली दिसली. पैशाची विवंचना लक्ष खाते, आणि दुसऱ्या कामाला ते उरत नाही. आता शिकवणे हे काम पाहा. समोरच्या चाळीस चेहऱ्यांतल्या कुणाला कळले नाही हे ओळखणे, ठरवलेली पद्धत तिथल्या तिथे सोडून दुसरी धरणे, मुलाच्या चुकीमागचा तर्क शोधणे. सगळा खेळ लक्षाचाच. शिक्षकाचे लक्ष दुसरीकडे अडकले की सर्वांत आधी हेच जाते. राहते ती धडा वाचून प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून देण्याची पद्धत, कारण तिला लक्ष लागत नाही.

शिक्षणसेवकाला निदान तीन वर्षांनंतरचा दिवस दिसतो. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांना तोही नाही. २००१ च्या धोरणाने शाळांना परवानगी देताना 'कायम विनाअनुदानित' अशी अट घातली. २००९ मध्ये त्यातला 'कायम' गेला, २०१६ मध्ये वीस टक्के अनुदानाचा पहिला टप्पा आला, आणि पुढच्या टप्प्यांसाठी २०२५ च्या जुलैमध्येही हे शिक्षक भर पावसाळ्यात आझाद मैदानावर बसले होते. मधल्या काळात कितीतरी जणांची उमेदीची वर्षे बिनपगारी किंवा संस्थेने हातावर ठेवलेल्या रकमेवर गेली. कुणी सकाळी दूध घातले, कुणी रिक्षा चालवली, कुणी बायकोच्या शिवणकामावर घर चालवले आणि अकरा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात उभे राहिले. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या पदव्युत्तर, नेट-सेट झालेल्या प्राध्यापकांची गत वेगळी नाही. तास झाला तर पैसे, सुट्टी आली की नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे जूनपर्यंत कळत नाही. पुढच्या वर्षी आपण असू की नसू हेच ठाऊक नसलेला माणूस तीन वर्षांनी फळ देणारा प्रयोग कसा सुरू करील? ग्रंथालय उभारणे, परिसरातल्या बोलीचे शब्द मुलांकडून गोळा करून त्यांचे वाचनपाठ बनवणे, एखाद्या इयत्तेबरोबर चार वर्षे चालत जाणे, ही सगळी दमाची कामे आहेत.

आता त्यागाच्या युक्तिवादाकडे येतो, कारण तो मनाला भिडतो आणि त्यामुळेच त्याला कुणी हटकत नाही. शिक्षकी पेशा म्हणजे व्रत आणि व्रताला मोबदला कसला, हा विचार आपल्या परंपरेचा म्हणून सांगितला जातो. आपल्याकडची शिक्षणाची परंपरा ज्यांनी खरोखर घडवली, त्यांचे म्हणणे पाहा. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात त्यांनी प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचा आकडा घातला: महिना बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावांत पंधरा किंवा वीस द्यावेत. त्याच निवेदनात, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, मुलांत मिसळणारा, नांगराला हात लावण्यात कमीपणा न मानणारा असावा, असेही आहे. ही दोन्ही मते एकाच ठिकाणी येतात, याला अर्थ आहे. अभ्यासक्रमाला रानाशी, शेतीशी, मुलाच्या घराशी जोडणारा शिक्षक फुल्यांना हवा होता. आजच्या भाषेत सर्जनशील शिक्षक. आणि असा माणूस या पेशात यायचा, टिकायचा तर त्याला नीट जगता आले पाहिजे, हे त्यांना दिसत होते. शिक्षकाला गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तांची नोंदणी किंवा टपालाचे काम जोडून द्यावे, असेही फुल्यांनी सुचवले होते. शिक्षकांवर कामे लादण्याच्या समर्थनार्थ कुणी हे पुढे करील, म्हणून सांगतो: गावात त्याची पत वाढावी यासाठीची ती सूचना होती. आज जोडलेल्या कामांनी पत वाढत नाही, खालावते.

त्याच दशकात पुण्यात हा वाद पेटला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी बाहेर कमाई करावी का, संसार वाढल्यावर मोबदला वाढावा का, यावर टिळक एका बाजूला आणि आगरकर-गोखले दुसऱ्या बाजूला होते. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. बाहेरची कमाई नको, वाढही नको, हा टिळकांचा आग्रह तात्त्विक होता आणि त्यामागे त्यांचे स्वतःचे आचरण होते. पण स्वतःच्या खुशीने दारिद्र्य पत्करलेल्या पाच-दहा असामान्य माणसांनाही एकत्र राहून हा नियम निभावता आला नाही. तोच नियम लाखो शिक्षकांवर, तेही त्यांना न विचारता, लादायचा याला तत्त्व कसे म्हणायचे? शिवाय आज त्यागाची भाषा करणारा स्वतः त्यातला वाटेकरी नसतो. त्याग शिक्षकाने करायचा आणि बचत सरकारची किंवा संस्थेची व्हायची.

आणि साने गुरुजी. अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे शिक्षक होते. एकटा जीव, वसतिगृहात मुलांबरोबर मुक्काम. मुलांसाठी ते हाताने लिहून छात्रालय दैनिक काढत, पुढे 'विद्यार्थी' मासिक काढले. त्यांची उपजत माया आणि प्रतिभा कुणाला वाटून देता येत नाही, हे उघड आहे. पण त्यांच्या जगण्याची रचना पाहिली तर त्यांच्याकडे एक गोष्ट भरपूर होती: मुलांसाठीचा अखंड वेळ, आणि त्या वेळेचे काय करायचे हे ठरवण्याची मुभा. कागदोपत्री माहितीसाठी कुणी दर तासाला त्यांना मुलांमधून उठवत नव्हते. संसार, म्हातारे आईवडील, कर्जाचा हप्ता असलेल्या आजच्या शिक्षकाला तो अखंड वेळ हवा असेल, तर त्याच्या घरची काळजी दुसऱ्या कशाने तरी मिटली पाहिजे. गुरुजींचे उदाहरण देणारे त्यांची गरिबी तेवढी उचलतात, मोकळीक सोडून देतात.

कोसबाडच्या बाबतीतही हेच होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे केले, त्याला भारतीय बालशिक्षणात तोड नाही. वारली मूल बालवाडीत येत नाही, तर अंगणात जाऊन शिकवा. मूल गुरे राखायला जाते, तर शाळाच कुरणावर न्या. कुरणशाळा ही कल्पना कुठल्या परिपत्रकातून निघालेली नाही. मूल शाळेत का येत नाही याचा पत्ता लागेपर्यंत त्याच्या मागे जाण्याची सवड ज्यांना होती, आणि पत्ता लागल्यावर शाळेची वेळ, जागा, वस्तू सगळे बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हातात होता, त्यांनाच ती सुचली. दोघी मोठ्या होत्या यात शंका नाही. पण त्यांच्यामागे नूतन बालशिक्षण संघ ही संस्था होती, सोबत विचार करणारी माणसे होती, आणि त्याआधी ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर केलेल्या कामाचा अनुभव होता. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेने उद्या शाळा कुरणावर नेली, तर हजेरीच्या वेळचा फोटो शाळेच्या ठिकाणाहून नाही म्हणून तिला खुलासा लिहावा लागेल. अनुताईंसारख्या शिक्षिका आता का निपजत नाहीत, असे विचारणाऱ्यांनी आधी हा खुलासा मागणे थांबवावे.

इथून दुसऱ्या मुद्द्यावर येतो. माझ्या मते तोच अधिक मोठा आहे. कायम शिक्षकाला पगार आहे, मग त्याला कमी काय पडते? वेळ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेले आहेत आणि त्यात पूर्वतयारीचे तास समाविष्ट आहेत, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे तयारी हे शिक्षकाने घरी जाऊन, स्वतःच्या झोपेतून काढायचे काम नाही. तो त्याच्या नोकरीचा भाग आहे. आता कायदा बाजूला ठेवून पहिली ते चौथीच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेतला दिवस पाहा.

पटावर ३७ मुले. दोघा शिक्षकांकडे दोन दोन इयत्ता, आणि त्यातले एक आज केंद्रावरच्या बैठकीला गेलेले. परिपाठ झाला की आधी तांदूळ. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम, म्हणजे ३७ मुलांचे तीन किलो सातशे ग्रॅम. डाळ वीस ग्रॅमप्रमाणे. वजन करायचे, नोंदवहीत शिल्लक लिहायची, शिजवणाऱ्या ताईंच्या हाती द्यायचे. मग चारही इयत्ता एकट्याने. पहिलीची मुले अक्षरे गिरवत आहेत, तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी अडते आहे. एक मुलगा दर वेळी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो, मग तो वर असो की खाली. ही चूक फार बोलकी आहे. काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले तर दहा मिनिटांत त्याचा घोळ सुटेल. शिक्षिका काड्या काढायला वळते आणि फोन वाजतो. गटावर संदेश: अमुक माहिती दुपारी बारापर्यंत लिंकवर भरावी, तातडीचे, वरिष्ठ कार्यालयास सादर करायचे आहे. माहिती मागच्या महिन्यात पाठवलेलीच आहे, फक्त तक्ता नवा. नेट येत नाही म्हणून ती ओसरीच्या कडेला जाऊन उभी राहते. परत येते तोवर मुलाने उरलेली सगळी उदाहरणे तशीच चुकीची सोडवून ठेवलेली असतात. दुपारी जेवलेल्यांची संख्या अॅपवर. मग दोन मुलांचे आधारवरचे नाव शाळेच्या नोंदीशी जुळत नाही, त्याची दुरुस्ती. एका कार्यक्रमाचा फोटो चार वाजेपर्यंत. सुटल्यावर मतदार यादीचे काम, कारण ती मतदान केंद्रस्तरीय अधिकारीही आहे.

या दिवशी तिने काहीच नवे केले नाही. पगार पूर्ण मिळाला, कल्पनाही होती, काड्याही होत्या. सलग दहा मिनिटे मिळाली नाहीत.

कायदा तिच्या बाजूने आहे, ही यातली आणखी चीड आणणारी गोष्ट. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्यांचाच अपवाद करते. बाकी अशैक्षणिक कामाला शिक्षक लावू नये, असे म्हणते. निवडणुकीचे कामही शक्यतो सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिकवण्याशी थेट संबंध नसलेली कामे शिक्षकांकडून काढण्याचे वचन दिले. पण हे सगळे पाळले तरी नोंदींचा ढीग तसाच राहतो, कारण त्या कामांना अशैक्षणिक कुणी म्हणतच नाही. तांदळाचा हिशेब शाळेचाच, ऑनलाइन माहिती शाळेचीच, मग ती शिक्षकाचीच, असा सोयीचा अर्थ लावला गेला. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला लिपिक नाही, शिपाई नाही. त्या दोन्ही पदांचे काम गेली कित्येक दशके शिक्षकाच्या दिवसातून वजा होत आले आहे.

विरोधी बाजूच्या हातात एक भक्कम पुरावा आहे, आणि तो टाळून हा प्रतिवाद पुरा होणार नाही. इंडोनेशियाने २००५ च्या कायद्याने प्रमाणपत्रप्राप्त शिक्षकांना मूळ वेतनाइतकाच भत्ता द्यायला सुरुवात केली, म्हणजे मूळ पगार दुप्पट. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६० शाळांत त्याचा परिणाम तपासला. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षकांचे समाधान वाढले, पैशाची विवंचना घटली, जोडधंदे करणारे कमी झाले. मुलांच्या चाचणीतल्या गुणांत मात्र काही फरक पडला नाही. 'पगार वाढवून काही होत नाही' असे म्हणणाऱ्यांना याहून ठोस काही मिळणार नाही.

मी हा अभ्यास खरा मानतो. पण त्यातून निघते काय? तिथे पगार बदलला. वर्ग, अभ्यासक्रम, तपासणी, कामाचे तास, निर्णयाचा अधिकार यांतले काहीच बदलले नाही. चांगला पगार घेणारा शिक्षक जुन्याच साच्यात जुनेच काम करत राहिला, आणि मोजलेही त्या साच्यातलेच गेले. शिवाय वाढ नोकरीत असलेल्यांना मिळाली. चांगल्या पगारामुळे पुढच्या वीस वर्षांत या पेशात कोण येईल, याचे उत्तर दोन-तीन वर्षांच्या चाचण्यांत सापडत नाही. नुसत्या पैशाने सर्जनशीलता विकत मिळत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणून पैसा रोखावा, असा अर्थ काढणे मात्र उलटे आहे. विवंचना मिटणे ही पहिली पायरी आहे. तिच्यावर सवड आणि मुभा चढवल्याशिवाय वर्गात काही दिसणार नाही. आपल्याकडे एका गटाला पहिली पायरी नाकारली आहे आणि दुसऱ्या गटाला ती देऊन पुढच्या दोन काढून घेतल्या आहेत. दोन्ही गटांकडून अपेक्षा मात्र एकच.

रणजितसिंह डिसले यांचे नाव या वादात दोन्हीकडून घेतले जाते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकाला २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे त्यांचे काम जगापुढे आले. "त्यांना जमले, तुम्हाला का नाही?" हा प्रश्न त्या दिवसापासून प्रत्येक प्रशिक्षणात विचारला गेला. एका माणसाची वाट दाखवून बाकीच्यांच्या वाटेतले दगड नाकारायचे, हा प्रकार मला अन्यायाचा वाटतो. असामान्य माणूस अडथळ्यांतून पार होतो, म्हणूनच तो असामान्य. व्यवस्थेची परीक्षा सामान्य शिक्षकावर होते: प्रामाणिक, मध्यम कुवतीचा, घरदार असलेला शिक्षक तिच्यात किती फुलतो यावर.

असा शिक्षक नवे काही करू लागला की त्याच्या वाट्याला काय येते, तेही पाहावे. राज्यात नवोपक्रम स्पर्धा होतात, त्यामागचा हेतू चांगला आहे आणि काही सुंदर प्रयोग त्यांतून पुढे आले. पण उपक्रम सादर करायचा म्हणजे अहवाल: शीर्षक, गरज, उद्दिष्टे, कार्यवाही, निष्कर्ष, परिशिष्टे, छायाचित्रे. ज्या शिक्षकाने वजाबाकीच्या त्या एका चुकीवर महिनाभर डोके लावून वर्गातल्या सहा मुलांची गाठ सोडवली, त्याच्या कामाचा फोटो निघत नाही. ज्याने भिंती रंगवून घेतल्या त्याचा निघतो. हळूहळू शिक्षक फोटो निघेल असे काम करायला शिकतो. ही त्याची लबाडी नव्हे. त्याला मिळणारी दाद त्याच दिशेने येते. मुलाच्या चुकीपाशी थांबणे हाच या पेशातल्या सर्जनाचा गाभा आहे आणि तो बाहेरून जवळजवळ दिसत नाही. तो पाहायचा तर अधिकाऱ्याला वर्गात पूर्ण तासभर मागच्या बाकावर बसावे लागेल. केंद्रप्रमुखाचे मूळ काम तेच होते. आज तेही माहिती गोळा करण्यात अडकले आहेत.

"मग आळशी शिक्षकांचे काय? मोकळीक दिली की ते झोपा काढतील." ही शंका मी अनेकदा ऐकली आहे. असे शिक्षक आहेत. त्यांच्यावर कारवाई व्हावी, आणि ती होत नाही यामागे राजकीय आश्रय हे मोठे कारण आहे, हेही लपवू नये. पण आजच्या नियंत्रणाने त्यांचे काय बिघडले? फोटो पाठवणे, तक्ता भरणे, वही चकचकीत ठेवणे हे काम टाळणाऱ्यालाच जास्त चांगले जमते, कारण त्याचा दिवस त्यासाठी मोकळा असतो. जाचते ते मुलांत रमणाऱ्याला. दहा जण काम चुकवतील या भीतीने नव्वद जणांचा दिवस चिरडणारी व्यवस्था त्या दहांनाही सुधारत नाही.

करायचे काय, तेही सांगतो. शिक्षणसेवक योजना बंद करावी. निवड झालेल्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून वेतनश्रेणी द्यावी. पारख करायची तर ती परिवीक्षा काळात करावी, त्यासाठी पोट मारण्याची गरज नाही. अंशतः अनुदानित शाळांचे टप्पे ठरलेल्या तारखेला, मैदानावर न बसवता द्यावेत. तासिका तत्त्वावरच्या रिक्त जागा नियमित भराव्यात. दर केंद्राला एक लिपिक नेमून सगळी ऑनलाइन माहिती त्याच्याकडे द्यावी, आणि एकदा भरलेली माहिती पुन्हा मागणाऱ्या कार्यालयाने तसे का करावे लागले हे लेखी सांगावे. शाळेच्या वेळेत गटावर संदेश नकोत. २०२७ च्या जनगणनेचे काम शिक्षकांना करावेच लागेल, कायद्याने ते बंधनकारक आहे. पण त्या काळात वर्ग कोण घेणार, हे प्रत्येक तालुक्याने आधी ठरवून जाहीर करावे. आणि ४५ तासांतली पूर्वतयारी प्रत्यक्षात आणावी. माध्यमिक शाळेत निदान एखादा मोकळा तास असतो. प्राथमिक शिक्षकाच्या वेळापत्रकात पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत एकही चौकोन रिकामा नसतो. पुढच्या जूनमध्ये ते वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या टेबलामागे लागेल, तेव्हा प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे आठवड्यातून चार चौकोन पूर्वतयारीचे असावेत, आणि त्या वेळात वर्ग सांभाळायला माणूस नेमलेला असावा.